उन्हाळ्यात बास जातो कुठे? : 'सापडत नाही' आणि 'नाही' यांतला फरक

"अमुक काळात अमुक गोष्ट नव्हती" हे वाक्य आपण प्रबंधात फार सहज लिहून जातो. दप्तरात नोंद नाही, वर्तमानपत्रात उल्लेख नाही, म्हणजे नव्हती. पुढचा मुद्दा घ्या. मार्गदर्शकही बहुतेक वेळा तिथे अडवत नाहीत. या वाक्यात नेमकं काय घसरू शकतं हे बघायला आज जरा आडवळणाचं उदाहरण घेऊ: अमेरिकेतली तळी आणि धरणांचे जलाशय, कडक उन्हाळा, आणि बास नावाचा मासा.

गोष्ट थोडक्यात अशी. वसंतात काठाजवळ भरपूर मिळणारा हा मासा जुलै-ऑगस्टमध्ये गळाला लागेनासा होतो. पिढ्यान् पिढ्या लोकांनी याचं कारण माशातच शोधलं. तो सुस्तावतो, खात नाही, रुसतो. पुढे लक्षात आलं की मासा त्याच पाण्यात होता आणि खातही होता. लोक गळ भलतीकडे टाकत होते. हे सर्वसामान्य मासेवाल्याच्या पचनी पडायला विसाव्या शतकाचा निम्म्याहून जास्त काळ जावा लागला. आणि पाण्याबद्दलचं मूळ ज्ञान तर १८९७ पासून छापलेलं होतं! ते कुणाकडे होतं, कुणापर्यंत पोचलं नाही, आणि शेवटी कशामुळे पोचलं, हा सरळसरळ इतिहासाचा प्रश्न आहे.

आधी मासा कोण ते बघू

बास म्हणजे इथे मुख्यतः लार्जमाउथ बास, म्हणजे मोठ्या तोंडाचा, आणि त्याचा भाऊबंद स्मॉलमाउथ. दोघेही उत्तर अमेरिकेतले, गोड्या पाण्यातले, दबा धरून शिकार करणारे मासे. शास्त्रीय कुळनाव मायक्रोप्टेरस, अर्थ 'लहान पर असलेला'. आता या माशाचे पर काही लहान नसतात. झालं असं की फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ लासेपेद याच्यासमोर आलेल्या स्मॉलमाउथच्या नमुन्याचा पाठीवरचा पर मोडका होता. मागचा तुटका तुकडा त्याला वेगळा, छोटासा पर वाटला. १८०२ मध्ये त्याने त्यावरून नाव ठेवलं, आणि नामकरणाच्या नियमांमुळे ते आजतागायत टिकलं. एका मोडक्या नमुन्यावरून सगळ्या जातीबद्दल बोललं की काय होतं, याचं हे कायमचं स्मारक समजा.

सुरुवातीला प्रतिष्ठित मंडळींचा मासा होता ट्राउट. बासला मान मिळवून द्यायचं काम जेम्स हेन्शल या डॉक्टरने केलं. १८८१ मध्ये त्याचं 'बुक ऑफ द ब्लॅक बास' आलं आणि हा मासा हौशी मासेमारीच्या साहित्यात मानाने बसला.

एक गोष्ट इथेच ध्यानात ठेवा. मासा थंड रक्ताचा. पाणी तापलं की त्याच्या शरीराचा कारभारही वेगाने चालतो, अन्न लवकर पचतं, भूक वाढते. लार्जमाउथची वाढ साधारण २७ अंश सेल्सियसच्या आसपासच्या पाण्यात उत्तम होते. म्हणजे हिशेबाने बघितलं तर उन्हाळ्यात त्याने सगळ्यात जास्त खायला हवं. मग ऐन भुकेच्या दिवसांत तो आमिषाला तोंड का लावत नाही? संशोधनाचा चांगला प्रश्न असा असतो. दोन खात्रीच्या गोष्टी शेजारी ठेवायच्या, आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत हे दिसलं की तिथेच थांबायचं.

व्याधाचे दिवस

जुलै-ऑगस्टच्या या काळाला इंग्रजीत 'डॉग डेज' म्हणतात. हा कुत्रा आकाशातला. आपण ज्याला व्याध म्हणतो तो तारा ग्रीक-रोमन परंपरेत कुत्र्याचा तारा. तो या दिवसांत पहाटे सूर्याच्या आगेमागे उगवायचा, म्हणून उष्णतेचं खापर त्याच्या डोक्यावर. व्याधाच्या नावाचे दिवस आणि शिकार मात्र मिळत नाही, हा आपल्या भाषेतला योगायोग.

या दिवसांबद्दल समजुती बऱ्याच होत्या. उत्तरेकडच्या राज्यांत मस्की नावाच्या मोठ्या शिकारी माशाबद्दल म्हणायचे की ऑगस्टमध्ये त्याचे दात पडतात, हिरड्या दुखतात, म्हणून तो खात नाही. प्रत्यक्षात त्याचे दात वर्षभर थोडे थोडे पडत आणि नवे येत राहतात.

अशा समजुती वाचल्या की हसायचा मोह होतो. तो आवरा. या समजुतींमागचं निरीक्षण खरं होतं: त्या दिवसांत मासा खरोखरच मिळत नव्हता. लोकांनी वर्षानुवर्षं बघितलेलं ते बघितलेलंच होतं. गडबड होती ती निरीक्षणापासून निष्कर्षापर्यंतच्या उडीत. 'मी जिथे, ज्या वेळी, ज्या साधनाने शोधलं तिथे मिळाला नाही' या वाक्याचं नकळत 'मासा खात नाही' असं वाक्य झालं. मौखिक इतिहासाच्या मुलाखती घेणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. सांगणाऱ्याचं कारण चुकीचं निघालं म्हणून त्याचा अनुभव खोटा ठरत नाही.

मेंडोटा तळ्यातला थर्मामीटर

विस्कॉन्सिन विद्यापीठ मॅडिसन शहरात मेंडोटा तळ्याच्या काठावर आहे. तिथे एडवर्ड बर्ज नावाचा प्राणिशास्त्रज्ञ होता. त्याला बासशी देणंघेणं नव्हतं. त्याचा विषय पाण्यात तरंगणारे अगदी बारीक कवचधारी जीव. ते कोणत्या खोलीवर, कधी, किती असतात हे मोजताना तो वेगवेगळ्या खोलीवरचं तापमानही मोजत होता. त्यातून १८९७ मध्ये त्याने एक शब्द वापरात आणला: थर्मोक्लाइन.

कल्पना समजायला सोपी आहे. पाणी ४ अंशांना सगळ्यात जड असतं. वसंतात तळ्याचं पाणी वरपासून खालपर्यंत जवळपास एकाच तापमानाचं असतं, वारा ते सहज ढवळतो. मग ऊन वाढतं. वरचं पाणी तापून हलकं होतं आणि थंड, जड पाण्यावर तरंगत राहतं. वारा आता फक्त वरचा थर ढवळू शकतो. वर गरम थर, खाली थंड थर, आणि मध्ये तापमान झपाट्याने उतरणारी पातळ पट्टी. बर्जने मोजमापही ठरवलं: जिथे दर मीटरला किमान १ अंश उतार आहे, ती ही पट्टी. उन्हाळ्यात पोहताना पाय अचानक गार पाण्याला लागतात ना, तोच प्रकार.

पुढची पायरी जास्त महत्त्वाची. १९११ मध्ये बर्ज आणि त्याचा सहकारी चॅन्सी जुडे यांनी विस्कॉन्सिनच्या तळ्यांमधल्या विरघळलेल्या वायूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. खालच्या थराचा हवेशी संबंध तुटलेला असतो. वरून मेलेलं शेवाळ, पालापाचोळा खाली पडत राहतो, तो कुजताना तिथला प्राणवायू संपत जातो, आणि शरद ऋतूत तळं पुन्हा ढवळलं जाईपर्यंत भरून निघत नाही. अन्नद्रव्यांनी समृद्ध तळ्यात तर भर उन्हाळ्यात तळाला मासा जगू शकत नाही.

म्हणजे बासची उन्हाळ्यातली जागा कशी ठरते बघा. वर काठाशी कडक ऊन आणि तापलेलं पाणी. अगदी खाली गारवा, पण श्वास नाही. मधल्या पट्ट्यात, जिथे तळाचा एखादा उंचवटा किंवा उतार त्या पट्टीपर्यंत येतो तिथे, दोन्ही गोष्टी जमतात. काही बास उथळ पाण्यातच दाट वनस्पतींच्या सावलीला राहतात आणि पहाटे, संध्याकाळी, रात्री शिकार करतात. त्यामुळे 'उन्हाळ्यात मासा खोल जातो' हेही अर्धंच सत्य. भर दुपारी उघड्या काठावर गळ टाकून बसणाऱ्याला मात्र दोन्ही प्रकारचे मासे चुकतात.

मग १९११ मध्ये हे सगळं छापलेलं असताना उत्तर का मिळालं नाही? कारण बर्जचा प्रश्न बासचा नव्हता, आणि मासेवाल्याचा प्रश्न थर्मोक्लाइनचा नव्हता. एकाचं लेखन राज्याच्या भूगर्भ आणि निसर्ग सर्वेक्षणाच्या अहवालात, दुसऱ्याचं ज्ञान होडीत आणि शिकारीच्या मासिकांत. घरं शेजारी, पण उंबरे वेगळे. शिवाय सर्वसाधारण नियम माहीत असून भागत नाही. आज, या तळ्यात, ती पट्टी किती फुटांवर आहे आणि तळाचा उंचवटा कुठे आहे, हे होडीत बसून कळायला हवं. बहुतेकांकडे त्याचं साधन नव्हतं.

तुमच्या विषयाचं साहित्य-परीक्षण करताना हा धडा उपयोगी पडेल. तुम्हाला हवं असलेलं उत्तर कदाचित दुसऱ्याच विद्याशाखेने, दुसऱ्याच प्रश्नासाठी, तुमच्या ओळखीचा एकही शब्द न वापरता लिहून ठेवलेलं असतं. 'बास' हा शब्द शोधून बर्जचा १८९७ चा लेख हाती लागणं अवघड आहे.

बुडालेली गावं आणि नवं पाणी

आता तळ्यांकडून जलाशयांकडे येऊ. मंदीच्या काळात, १८ मे १९३३ रोजी, टेनेसी व्हॅली अथॉरिटीचा कायदा झाला. या संस्थेने बांधलेलं पहिलं धरण म्हणजे क्लिंच नदीवरचं नॉरिस. ते १९३६ मध्ये पूर्ण झालं. त्यासाठी सुमारे ३,००० कुटुंबांना जागा सोडावी लागली. लॉयस्टन नावाचं गाव पाण्याखाली गेलं. जलाशयाच्या त्या रुंद भागाला आजही 'लॉयस्टन सी' म्हणतात. गाव गेलं, नाव पाण्याला चिकटून राहिलं.

नैसर्गिक तळ्याचा तळ आणि धरणाचा तळ यांत मोठा फरक आहे. धरणाच्या तळाशी माणसांचा भूगोल असतो: जुना रस्ता, ओढ्याचं पात्र, पुलाचे खांब, घरांची जोती, कुंपणाची रांग. बासला आडोसा आणि उतार हवा असतो, तो इथे आयता मिळतो. म्हणून उन्हाळ्यात बास शोधणाऱ्यांनी पुढे धरण होण्यापूर्वीचे भू-नकाशे काढून वाचायला सुरुवात केली. ज्या नकाशावर कुणाचं तरी घर, शाळा, रस्ता दाखवला होता, तोच नकाशा आता मासा कुठे असेल हे सांगू लागला. एकाच दस्तऐवजाचे दोन वाचक. विस्थापितासाठी ती हरवलेल्या गावाची शेवटची खूण, होडीतल्या माणसासाठी आजच्या दुपारचा बेत. धरणाचा इतिहास लिहिणाऱ्याला हे दोन्ही वाचक दिसले पाहिजेत. मनोरंजनाच्या जागेचा इतिहास विस्थापनाच्या इतिहासापासून वेगळा काढला की दोन्ही लंगडे होतात.

नॉरिसवर अजून एक वाद झाला आणि तो आपल्या मुद्द्याच्या अगदी गाभ्याचा आहे. अशा मोठ्या जलाशयांत सुरुवातीची काही वर्षं मासे वाढतील, मग ते जीवशास्त्रीय वाळवंट होतील, अशी भीती तज्ज्ञ व्यक्त करत होते. सर्वसाधारण समज असा की मासे कमी मिळतायत म्हणजे मासे कमी आहेत, मग मासेमारीवर बंदीचे महिने ठेवा. टेनेसी व्हॅली अथॉरिटीचा मत्स्यतज्ज्ञ रुबेन एश्मायर याने नॉरिसवर वेगळ्या पद्धतीने मोजायला घेतलं. गळाला काय लागलं एवढ्यावर न थांबता जाळी लावली, माशांना खुणेचे बिल्ले लावून सोडलं आणि त्यातले किती परत येतात ते बघितलं. निष्कर्ष उलटा निघाला. मासे भरपूर होते. बरेचसे गळाला न लागताच म्हातारे होऊन मरत होते. १९४४ मध्ये नॉरिस जलाशय प्रयोगादाखल वर्षभर मासेमारीसाठी खुला केला गेला, आणि मासे संपले नाहीत.

इथे 'सापडत नाही' आणि 'नाही' यांतला फरक हा नुसता तर्कशास्त्राचा मुद्दा राहत नाही. त्यावर कायदा बदलतो, आणि धरण झाल्यावर काठावर उरलेल्या लोकांना वर्षातले किती महिने मासा धरता येणार ते ठरतं.

मोजणारा आणि बघणारी पेटी

होडीतल्या माणसापर्यंत खोलीचं ज्ञान दोन वाटांनी पोचलं.

पहिली वाट एल्वुड 'बक' पेरी याची. नॉर्थ कॅरोलायनातल्या हिकरी गावचा हा माणूस. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याने 'स्पूनप्लग' नावाचं वाकवलेल्या पत्र्याचं आमिष विकायला आणलं. ते वेगवेगळ्या आकारांत मिळायचं आणि प्रत्येक आकार ठरावीक खोलीवर चालायचा. होडीमागे ते ओढत नेलं की तळाला घासत जाई, आणि हाताला कळे की इथे उतार आहे, इथे खडक, इथे जुनं पात्र. म्हणजे मासा धरायचं साधन आणि तळाचा नकाशा काढायचं साधन एकच. त्याचं म्हणणं असं की खोल पाणी हे माशाचं घर. उथळ पाण्यात तो ठरावीक वाटांनी, थोड्या वेळासाठी येतो. शिकागोच्या वर्तमानपत्रात टॉम मॅकनॅली या स्तंभलेखकाने १९५० च्या दशकात त्याच्याबद्दल लिहिलं आणि पेरीचं नाव देशभर झालं.

दुसरी वाट कार्ल लोरन्सची. युद्धात पाणबुड्या शोधायला वापरलेल्या सोनारचं तत्त्व त्याने छोट्या, बॅटरीवर चालणाऱ्या पेटीत बसवलं. पेटीतून ध्वनी खाली जातो, तळावर किंवा माशावर आपटून परत येतो, आणि तबकडीवर दिवा चमकतो. १९५० च्या दशकाच्या शेवटी बाजारात आलेली ही पेटी पुढे 'छोटी हिरवी पेटी' म्हणून प्रसिद्ध झाली. आता होडीत बसून तळ 'दिसू' लागला.

लोरन्सबद्दल एक वाक्य सगळीकडे सापडतं: कुठल्याही तळ्यातले ९० टक्के मासे १० टक्के पाण्यात असतात. तो आणि त्याची मुलं पाण्यात बुड्या मारून बघायची, त्यातून हे आलं असं सांगतात. वाक्य आकर्षक आहे, पण उद्धृत करण्याआधी विचार करा की ते कोण सांगतंय. मासे थोड्याच जागी एकवटलेले असतात, हे पटणारं आहे. मात्र ती जागा दाखवणारी पेटी विकणाऱ्याच्या तोंडी हे वाक्य शोभून दिसतं, हेही खरं. कंपनीने स्वतः सांगितलेली स्वतःची जन्मकथा हा दस्तऐवज आहेच, पण सगळ्यात आधी तो कंपनीला स्वतःबद्दल काय सांगायचंय याचा दस्तऐवज आहे. टिपणात तसंच लिहा.

वजनकाटा काय दाखवत नाही

जून १९६७. आर्कान्सामधला बीव्हर लेक हा जलाशय. त्याचं धरण जेमतेम वर्षापूर्वी पूर्ण झालेलं. अलाबामातल्या मॉन्टगोमरीचा विमा एजंट रे स्कॉट याने तिथे बास पकडण्याची स्पर्धा भरवली. १०६ जण आले, प्रवेश फी १०० डॉलर. पुढच्या वर्षी त्याने बास मासेमारांची संघटना काढली आणि हौशी मासेमारीचा मोठा व्यवसाय झाला.

इतिहासाच्या दृष्टीने स्पर्धा म्हणजे नोंदींचा कारखाना. आधी फुशारक्या होत्या, आता तारीख, ठिकाण आणि वजन. पण कोणतीही नोंद काही दाखवते आणि काही झाकते. सुरुवातीला मासे मारूनच काट्यावर यायचे. त्यावर टीका झाली, तेव्हा १९७२ मध्ये स्कॉटने 'मासा मारू नका' ही मोहीम सुरू केली. होडीत वाहत्या पाण्याची टाकी, जिवंत आणलेल्या माशाला वजनात थोडी सूट, आणि तोलून झाल्यावर परत पाण्यात. ही चाल खूप मोठी होती. तिचं श्रेय त्याला द्यायलाच हवं.

मात्र उन्हाळा इथेही आडवा येतो. १० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ११ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांच्या पाण्यात साडेसात. तापलेल्या पाण्यात माशाची गरज वाढते आणि पुरवठा घटतो. त्यात तो दमलेला, टाकीत दाटीवाटीने ठेवलेला. खोल पाण्यातून झटकन वर आणला असेल तर दाब कमी झाल्याने त्याच्या आतली तरंगण्यासाठीची हवेची पिशवी फुगते आणि त्याला परत खाली जाता येत नाही. काट्यावर तो जिवंत असतो. नोंद होते, 'जिवंत सोडला'. आणि पुढच्या काही दिवसांत, कुणी बघत नसताना, त्यातले काही मरतात.

हे मृत्यू कोणत्याच निकालपत्रकात नव्हते. ते शोधायला संशोधकांना वेगळी सोय करावी लागली: सोडायचे मासे जाळीच्या बंदिस्त पिंजऱ्यात काही दिवस ठेवायचे आणि रोज मोजायचे. १९९८ मध्ये जीन वाइल्ड याने अशा अनेक अभ्यासांची एकत्र तुलना केली, तेव्हा पाणी जितकं गरम तितके मृत्यू जास्त, हा संबंध स्पष्ट दिसला. गरम पाण्यातल्या स्पर्धा कशा घ्याव्यात, घ्याव्यात की नाही, हा वाद त्यावर उभा आहे.

म्हणजे जुनीच चूक उलटी होऊन आली. आधी मासा दिसत नव्हता म्हणून तो नाही असं मानलं, आता मरण दिसत नव्हतं म्हणून ते नाही असं मानलं. दोन्ही वेळा प्रश्न एकच: ही नोंद कुठे संपते, आणि घटना कुठे संपते?

दोन विक्रम, दोन पुरावे

लार्जमाउथचा जागतिक विक्रम जॉर्ज पेरी या जॉर्जियातल्या तरुण शेतकऱ्याच्या नावावर आहे. २ जून १९३२, ओकमल्गी नदीचा जुना वळसा तुटून झालेलं मॉन्टगोमरी लेक, वजन २२ पौंड ४ औंस, म्हणजे १० किलोच्या थोडं वर. मंदीचे दिवस. मासा जवळच्या हेलेना गावात तोलला गेला, साक्षी-नोटरी झाली, 'फील्ड अँड स्ट्रीम' मासिकाच्या स्पर्धेला कागद गेले. आणि मासा घरी नेऊन खाल्ला. पेंढा भरून ठेवला नाही, आणि वादातीत असं छायाचित्रही नाही. उरलं ते एका मासिकाच्या स्पर्धेसाठी भरलेलं कागदपत्र.

दुसरा मासा २ जुलै २००९ चा. जपानमधलं बिवा सरोवर, मानाबू कुरिता, वजन २२ पौंड ४.९७ औंस. वजनकाटा, छायाचित्रं, साक्षीदार, आणि वर कुरिताची खोटं पकडण्याच्या यंत्रावर चाचणी. पेरीपेक्षा जवळपास एक औंस जास्त. तरी आंतरराष्ट्रीय संस्थेने दोघांची बरोबरी जाहीर केली, कारण नियमाप्रमाणे या वजनाच्या गटात जुना विक्रम मोडायला किमान २ औंस जास्त लागतात. शिवाय बास हा जपानमध्ये बाहेरून आणलेला मासा; १९२५ मध्ये तो आशी सरोवरात सोडला गेला. स्थानिक माशांना त्याचा त्रास होतो म्हणून बिवाच्या शिगा प्रांतात पकडलेला बास परत पाण्यात सोडायला २००३ पासून मनाई आहे. एका देशात सोडणं हे पुण्य, दुसऱ्या देशात तेच बेकायदा.

दोन्ही मासे उन्हाळ्याचेच, हे तुमच्या लक्षात आलं असेल. 'उन्हाळ्यात बास मिळत नाही' या समजुतीवर विक्रमाची यादीच उत्तर देऊन बसली आहे.

पेरीचा पुरावा कमी म्हणून तो खोटा का? असं म्हणता येत नाही. १९३२ मध्ये त्या प्रकारच्या दाव्यासाठी जेवढे कागद मागितले जात, तेवढे त्याने दिले. मासा खाल्ला हे आज आपल्याला पुराव्याचा नाश वाटतं. मंदीतल्या घरात ते रात्रीचं जेवण होतं. पुराव्याची अपेक्षा काळाप्रमाणे बदलते, आणि जुन्या माणसाला आजच्या तक्त्यात बसवून नापास करणं हे संशोधन नाही. त्याच वेळी '१९३२ साली एवढ्या वजनाचा मासा नोंदवला गेला' आणि '१९३२ साली एवढ्या वजनाचा मासा होता' ही दोन वाक्यं वेगळी आहेत. पहिलं आपण ठामपणे लिहू शकतो. दुसऱ्यासाठी त्या कागदांवर किती विश्वास ठेवायचा ते आधी सांगावं लागतं.

आता तुमच्या टिपणांकडे वळा

हे सगळं वाचून एक छोटं काम करा. तुमच्या आराखड्यातलं किंवा टिपणांतलं 'नव्हतं', 'आढळत नाही', 'उल्लेख नाही' असं एक वाक्य काढा. समजा तुम्ही लिहिलंय की अमुक तालुक्यात १९२० पूर्वी स्त्रिया सावकारी व्यवहारात नव्हत्या. आता त्याच्या खाली चार ओळी लिहा. शोध कुणी घेतला होता? कुठे घेतला होता: काठावर की खोल पाण्यात, म्हणजे न्यायालयाच्या दप्तरात की घरच्या वहीत? कोणत्या साधनाने, कोणत्या भाषेतल्या, कोणत्या लिपीतल्या कागदांतून? आणि कोणत्या काळात, कारण काही गोष्टी फक्त ठरावीक ऋतूत वर येतात?

चारही उत्तरं मिळाल्यावर मूळ वाक्य परत वाचा. बहुतेक वेळा ते थोडं लहान करावं लागेल: 'तालुका न्यायालयाच्या उपलब्ध दप्तरात १९२० पूर्वी स्त्रियांची नावं सावकार म्हणून येत नाहीत.' वाक्य छोटं झालं, दावा आखडला, पण आता ते टिकेल. आणि त्याच्या पलीकडे कुठे गळ टाकायचा हेही त्यातूनच दिसायला लागेल. एखादी घरची वही, एखादं देवस्थानचं खातं, भूगर्भ सर्वेक्षणाच्या कपाटात पडलेला एखादा अहवाल.